तीन पद्धती, नऊ महिने आणि संघातला धाकटा: सांघिक ड्युएलचा अनुभव

फेब्रुवारीपासून आमचा पाच जणांचा संघ यु-गि-ओ या पत्त्यांच्या खेळाची ऑनलाइन सांघिक ड्युएल, म्हणजे लढत, खेळतोय. दोघे बेळगावचे, एक खानापूरचा, एक गोकाकचा आणि सगळ्यात धाकटा निपाणीचा, अकरावीतला. समोर कधी धारवाड-हुबळीची मुलं, कधी कोल्हापूरची. लढत तिघांविरुद्ध तिघांची. पाचातले कोणते तीन उतरणार ते आदल्या रात्री ठरतं. खेळतो ड्युएलिंगबुक या वेबसाइटवर, कारण तिथं साइड डेक (दोन डावांमध्ये आपल्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या संचात, अदलाबदल करायला ठेवलेली राखीव कार्डं) वापरून तीन डावांची पूर्ण मॅच होते आणि नंतर रिप्लेही बघता येतो. सुरुवातीला आठ हजार लाइफ पॉइंट (ते शून्यावर आले की डाव हरला), एका कार्डाच्या जास्तीत जास्त तीन प्रती, हे सगळं नेहमीसारखंच.

बदलत गेलं ते एवढंच, की तिघांच्या मॅचमधून संघाचा निकाल कसा काढायचा. तीन पद्धती आम्ही प्रत्येकी निदान तीन महिने वापरल्या. त्या तपासताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: संघातला कच्चा गडी त्यात कुठं बसतो?

पहिली पद्धत 'जिंकेल तो टिकेल'. एकेक गडी उतरतो, हरला की बाहेर, जिंकला की तोच पुढच्याशी खेळतो. समोरचे तिघे बाद झाले की सामना आपला. कमीत कमी तीन मॅच, जास्तीत जास्त पाच. थरार म्हणाल तर याच्या जवळपास दुसरं काही नाही. आमच्या गोकाकच्या गड्यानं एकदा एकट्यानं धारवाडचे तिघे झोपवले, तेव्हा ग्रुपवर जो दंगा झाला तो बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्तीचं मैदान मारल्यावर होतो तसला होता.

पण त्या रात्री निपाणीचा पोरगा सात वाजल्यापासून डेक लावून बसला होता. तिसऱ्या क्रमांकावर त्याचं नाव. दहा वाजून गेले, सामना संपला, त्यानं एक कार्ड खेळलं नाही. कॉल चालू असताना मागून त्याच्या आईचा आवाज आला, "खेळालास की नुसता बघालास?" तीन महिन्यांत त्याच्या वाट्याला चार मॅच आल्या. संघ जिंकत होता आणि पोरगा होता तिथंच होता. हे मला फार लागलं.

आणखी एक दोष खेळाच्या अंगानं. जिंकणाऱ्याचा डेक उघडा पडतो. पुढचा गडी कोण ते सामना चालू असताना ठरवायची मुभा ठेवली, तर समोरचा कॅप्टन त्या डेकवर उतारा असलेलाच माणूस पाठवतो. त्यामुळं ही पद्धत घ्यायची असेल तर तिघांचा क्रम आधीच लिहून घ्या, आणि प्रत्येक मॅचनंतर साइड डेक पूर्ववत करायला लावा. हे दोन नियम नसतील तर खेळूच नका.

मे महिन्यात दुसरी पद्धत घेतली. हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत 'कॉन्क्वेस्ट' असतं: जिंकलेला डेक बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक डेकनं एकेकदा जिंकून दाखवायचं. आम्ही डेकच्या जागी माणूस धरला. जो जिंकला तो बसला, हरलेला पुन्हा खेळू शकतो, आणि तिघेही जिंकल्याशिवाय सामना मिळत नाही. गंमत अशी की इथंही मॅच तीन ते पाचच. आकडा तोच, पण पहिल्या पद्धतीत जो लपत होता तो आता थेट उजेडात. आमचे दोघे भराभर जिंकायचे आणि दोन-शून्य असताना सगळं ओझं धाकट्यावर.

हिशोब करून बघितला. दहातल्या तीन मॅच जिंकणारा गडी तीन संधींत एकदा तरी जिंकेल, याची शक्यता साधारण ६६ टक्के येते. कागदावर वाईट नाही. पण दुसरी हरल्यावर त्याच्या चाली बघा: एरवी नीट विचार करणारा पोरगा समोरच्याच्या पहिल्याच सर्चवर (डेकमधून हवं ते कार्ड शोधून घेण्यावर) घाईनं ऍश ब्लॉसम, म्हणजे असा सर्च रोखणारं कार्ड, टाकायचा आणि खरा कॉम्बो, म्हणजे चालींची साखळी, सुरू झाल्यावर हात रिकामा.

शिवाय वेळ. एक मॅच पाऊण तासाची धरली तर पाच मॅच म्हणजे पावणेचार तास. जुलैत खानापूरला पाऊस लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही. निर्णायक डावात आमच्या गड्याकडं ६२०० पॉइंट होते, समोरच्याकडं १९००, आणि घर अंधारात. तेव्हापासून आमचा लेखी नियम आहे: दहा मिनिटं थांबायचं, नाही आला तर तो डाव गेला, पूर्ण मॅच नाही.

ऑगस्टपासून तिसरी पद्धत, आणि आता आम्ही तिच्यावरच आहोत. तीन बोर्ड, तिन्ही मॅच एकाच वेळी, दोन जिंकले की सामना आपला. २०२३ साली टोकियोत झालेल्या यु-गि-ओच्या जागतिक स्पर्धेत मास्टर ड्युएल या त्याच्या व्हिडिओ गेमचे संघही तिघा-तिघांचेच होते. आमच्याकडच्या जत्रेत कुस्तीचे पंच जशी काटाजोड, म्हणजे तोडीस तोड जोडी, लावतात तसंच हे. तासाभरात निकाल लागतो, त्यामुळं वीज जाण्याची धास्तीही कमी.

सुरुवातीला आम्ही एक चलाखी केली. समोरचा सगळ्यात भारी गडी कुठल्या बोर्डवर येणार याचा अंदाज बांधून धाकट्याला त्याच्यापुढं टाकायचं आणि उरलेले दोन बोर्ड मारायचे. दोन सामने जिंकलो. तिसऱ्या वेळी मीच नको म्हणालो. त्याला आपण जिंकण्यासाठी पुढं टाकतोय, खेळवत नाही आहोत. मग बुद्धिबळ ऑलिंपियाडचा दाखला घेतला: तिथं पटांचा क्रम स्पर्धेआधी द्यावा लागतो आणि मध्येच फिरवता येत नाही. आम्ही महिन्याचा क्रम एक तारखेला देतो, तगडा पहिल्या बोर्डवर, समोरच्यांचंही तसंच.

दुसरी भर मॅजिक या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळाच्या 'युनिफाइड' नियमावरून. तिथं बेसिक लँड (सगळ्यांना लागणारी मूलभूत कार्डं) सोडता एका नावाचं कार्ड संघातल्या एकाच डेकमध्ये चालतं. आम्ही थोडं सैल केलं: तिन्ही डेक मिळून एका कार्डाच्या तीनच प्रती. पहिल्या बैठकीत ऍश ब्लॉसमवरून अर्धा तास भांडण. एकेक वाटून घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात गोकाकचा म्हणाला, तिन्ही धाकट्याला द्या, आमचं आम्ही बघतो. या नियमामुळं डेक खरंच वेगवेगळे झाले. एकाच डेकच्या तीन नकला समोर येणं थांबलं. नऊ महिन्यांत खेळात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट मला हीच वाटते.

धाकटा तिसऱ्या बोर्डवर पहिल्या सहा मॅच हरला, त्यातल्या चार सामन्यांत संघ तरीही जिंकला. सातवी त्यानं दोन-एकनं काढली. गणपतीचे अकरा दिवस सुट्टी घेतली, त्यानंतर आठात चार.

दोघं-दोघांचं टॅग ड्युएलही, म्हणजे जोडीनं एकच डाव, एक महिना खेळलो. जोडीदाराची वाट बघण्यात वेळ फार जातो, म्हणून सोडलं.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पाचातले तीन खेळतात आणि दोघे बसतात. पाच बोर्ड करावेत तर समोर पाच जणांचे संघ मिळत नाहीत. सध्या दर सामन्याला एक जण बदलतो, धाकट्याला मात्र बसवत नाही. पुढच्या महिन्यासाठी त्यानं दुसरा बोर्ड मागितलाय.