कॅम्पर व्हॅनच्या बॅटरीसाठी: साधा सोलेनॉइड की लॅचिंग?

सोलेनॉइड म्हणजे बॅटरीची जोडणी चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच. साधा कंटिन्युअस ड्यूटी (सतत चालू ठेवता येणारा) सोलेनॉइड जुन्या ऑन-ऑफ स्विचवर सरळ चालतो. पण त्याची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) सतत सुमारे 1 अँपिअर खाते; गणपतीपुळ्याला गाडी चालू सोलेनॉइडवर चोवीस तास उभी राहिली की 24 अँपिअर-तास गेलेच.

लॅचिंग म्हणजे एकदा बदलले की त्याच स्थितीत अडकून राहणारा; त्याला विजेचा क्षणभराचा झटका पुरतो, मग खप शून्य. मेख तो चालवणाऱ्या हाताच्या स्विचमध्ये आहे: सोडल्यावर तो मध्ये (बंद स्थितीत) परतत नसेल तर कॉइल जळते. एका कॉइलच्या प्रकारात बंद करायला ध्रुव उलटावे लागतात, म्हणून सहा टर्मिनलचा मोमेंटरी (सोडताच मध्ये परतणारा) स्विच घ्या. मधल्या दोघांना कॉइल, एका टोकाला प्लस-मायनस, दुसऱ्या टोकाला तेच तिरके ओलांडून. फ्यूज बॅटरीलगतच. खाऱ्या वाऱ्यात टर्मिनल हिरवी पडतात (पावसाळ्यात तर विचारूच नका). कथिल चढवलेली वायर वापरा, वरून व्हॅसलिन फासा.