४० तासांनंतर काय? ज्येष्ठांबरोबर बसणं, पुढचा कोर्स की प्रकरण-चर्चा

‘मध्यस्थीचं ४० तासांचं ट्रेनिंग झालं, मध्यस्थांच्या पॅनेलवर नाव आलं, आता पुढं शिकायचं कसं?’ गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला बऱ्याच नव्या मध्यस्थांनी, म्हणजे दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून तडजोडीनं वाद मिटवायला मदत करणाऱ्यांनी, विचारला. कुणी शिवाजीनगर कोर्टात वकिली करणारं, कुणी समुपदेशनातून या कामात आलेलं. हातात दिवस कमी आणि खिशात पैसे मोजके, त्यामुळे सगळंच करू म्हणून चालत नाही. पुण्यात राहून करण्याजोगे तीन मार्ग मला दिसतात: ज्येष्ठ मध्यस्थाशेजारी बसणं, रिफ्रेशर म्हणजे उजळणीचा किंवा पुढचा कोर्स, आणि आपल्यासारख्यांच्या छोट्या गटात नियमित प्रकरण-चर्चा. तिन्ही मी केले आहेत. माझा कल चर्चेकडे आहे हे आधीच सांगते, पण पहिल्याच दिवशी चर्चागटात या असं मी कुणालाही सांगणार नाही.

त्याचं कारण एका आकड्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीनं मध्यस्थासाठी ४० तासांच्या प्रशिक्षणाबरोबर १० प्रत्यक्ष प्रकरणांची अट घातली होती. ते १० मला फार शहाणपणाचे वाटतात. तेवढी प्रकरणं हातून जाईपर्यंत चर्चेत मांडायला आपल्याकडे काही नसतं. आपण दुसऱ्यांचं ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येतो.

म्हणून सुरुवात शेजारच्या खुर्चीतून. पक्षकारांची संमती घेऊन, गोपनीयतेचं बंधन आपल्यालाही लागू आहे हे त्यांच्यासमोर मान्य करून बसायचं. इथं जे दिसतं ते कोणत्याही वर्गात दिसत नाही. एका वैवाहिक प्रकरणात बोलता बोलता बाई थांबल्या. माझ्या शेजारी बसलेल्या ज्येष्ठांनी पेनाला टोपण लावलं, पेन कागदावर आडवं ठेवलं आणि नुसते बसून राहिले. मिनिटभर तरी गेला असेल. मी असते तर तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न विचारला असता. बाईंनी मग जे सांगितलं ते अर्जात कुठंच नव्हतं, आणि प्रकरण खरं तिथून सुरू झालं.

मात्र या मार्गाची एक मर्यादा लक्षात घ्या. ज्येष्ठांच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही अंगात मुरतात. ‘मी काय सांगतो ते ऐका, कोर्टात दहा वर्षं जातील’ असा दम देऊन तडजोड करवणारे मध्यस्थही आहेत, आणि त्यांची प्रकरणं मिटतात म्हणून ते बरोबरच असावेत असं नव्याला वाटतं. बैठक संपल्यावर जिन्यात उभं राहून का होईना, दहा मिनिटं ‘तुम्ही तिथं असं का केलंत?’ हे विचारू देणारी व्यक्ती मिळाली तरच तिच्याशेजारी बसा. नाव किती मोठं आहे ते नंतर बघा.

कोर्सबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्याचा उपयोग ठरावीक आहे. रिफ्रेशरमध्ये विसरलेली चौकट परत जागेवर बसते. विषयाचं ज्ञान हवं असेल तर कोर्सला पर्याय नाही. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ खाली येणारी, दाव्याआधीची मध्यस्थी करायची असेल, तर हिशेब, करार आणि कंपनीत सहीचा अधिकार कुणाला, हे नीट शिकूनच बसावं. तडजोडनामा लिहिणंही वर्गातच चांगलं शिकता येतं. मध्यस्थी अधिनियम, २०२३ च्या कलम २७ नुसार मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते. अशा कागदावर ‘शक्य तितक्या लवकर रक्कम द्यावी’ लिहिणं म्हणजे पक्षकाराच्या हातात पुढची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीसाठी कोर्टात करायचा अर्ज, देणं. तारीख, रक्कम, खातं आणि हप्ता चुकला तर काय, हे चारही लिहायला शिकवणारा कोर्स पैसे देऊन करावा.

परदेशी प्रमाणपत्राचा प्रश्न हमखास येतो. तुमच्याकडे दोन देशांतल्या कंपन्यांचे वाद येणार असतील तर त्याला अर्थ आहे. वाटपाचे दावे, पोटगी, भाडेकरू आणि चेक परत गेल्याची प्रकरणं येणार असतील, तर तो पैसा आणि वेळ इथंच लावा. मध्यस्थी अधिनियमानं भारतीय मध्यस्थी परिषदेकडे मध्यस्थांचं निरंतर शिक्षण, प्रमाणपत्र आणि मूल्यमापन यांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवण्याचं काम दिलं आहे. त्यामुळे कोर्स निवडताना तो इथल्या चौकटीत धरला जाईल का, हे आयोजकांना स्पष्ट विचारा.

आता चर्चा. आम्ही सात जण आहोत, दर चौथ्या शनिवारी कोथरूडमध्ये एकीच्या ऑफिसात भेटतो. एक जण एक प्रसंग मांडतो. पूर्ण प्रकरण नाही, एक प्रसंग: मी हे बोलले, मग असं झालं, तिथं मी अडकले. बाकीचे फक्त प्रश्न विचारतात. पहिली पंचवीस मिनिटं सल्ला द्यायला मनाई आहे. नियम एवढाच, पण तो पाळायला आम्हाला वर्ष लागलं.

त्यातून काय मिळतं ते एका उदाहरणानं सांगते. दोन भावांचा दुकानावरून वाद. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे.) दुसऱ्या बैठकीनंतर धाकटा ‘बघा तुम्ही’ एवढंच बोलायला लागला. मी गटात मांडलं ते ‘अबोल पक्षकाराला बोलतं कसं करावं’ असं. गटातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘तू थोरल्याला काय म्हणून हाक मारत होतीस?’ मी म्हटलं, दादा. धाकटा त्यांना दादा म्हणायचा, ते ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं होतं. आणि धाकट्याला? त्याला मी नुसतं नावानं बोलावत होते. मग मला आठवलं, ‘दादा, तुम्ही मोठे आहात, मोठं मन करा’ असंही मी म्हणाले होते. थोरल्याला ते ओझं झालं असणार आणि धाकट्याला वाटलं असणार की इथंही आपण लहानच. त्यानं खुर्ची जराशी दाराकडे वळवली होती, तेही मला त्या शनिवारी आठवलं. खोलीत मी ते पाहिलं होतं, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी दोघांनाही विचारलं, ‘तुम्हाला काय म्हणू?’ त्यानंतर दोघांच्या नावापुढं राव लावलं. धाकटा लगेच खुलला असं नाही, पण त्यानं पहिल्यांदा हिशेबाची वही बाहेर काढली.

हे कुठला कोर्स शिकवेल? तटस्थता हा शब्द प्रशिक्षणात पन्नास वेळा येतो. मराठीत मात्र ती काका, वहिनी, साहेब, अहो-अगं यांत सांडते किंवा सांभाळली जाते. सासूला ‘काकू’ आणि सुनेला ‘मॅडम’ म्हटलं की पारडं झुकलंच. प्रशिक्षणात इंग्रजीतून शिकलेलं वाक्य भाषांतर करून ‘मला तुमचं म्हणणं समजलं’ असं म्हटलं, तर ते टेबलामागच्या साहेबानं फाइल मिटल्यासारखं ऐकू येतं. त्याऐवजी ‘म्हणजे आईच्या आजारपणात तुम्ही एकट्या होतात’ असं त्यांचंच बोलणं त्यांच्यापुढं ठेवलं की समोरची व्यक्ती मान वर करते. असे शब्द आम्ही गटात बसून, मोठ्यानं म्हणून बघून शोधतो.

चर्चेचा धोकाही मोठा आहे. मध्यस्थी अधिनियमाचं कलम २२ मध्यस्थीत झालेले प्रस्ताव, कबुल्या, माफी, सूचना, सगळं गोपनीय ठेवायला सांगतं आणि मध्यस्थासकट कुणालाही बैठकीचं ध्वनी किंवा चित्रमुद्रण करू देत नाही. म्हणजे ‘रेकॉर्डिंग ऐकून शिकू’ हा मार्ग बंद आहे, आणि नावं गाळली की झालं असंही नाही. पुणं त्या बाबतीत लहान आहे. मी आधी ज्या गटात जायचे तिथं एकानं बंगला, पेठ आणि मुलाचं शिक्षण एवढं सांगितलं, आणि आमच्यातल्या दोघींना घर ओळखू आलं. त्या दिवसानंतर मी तिथं गेले नाही. आता आमच्याकडे मांडणाऱ्यानं नातं, मालमत्ता आणि गाव बदलूनच यायचं, चालू प्रकरण शक्यतो आणायचं नाही, आणि टिपण फक्त स्वतःच्या बोलण्याचं ठेवायचं: मी काय म्हणाले, का म्हणाले.

गट निवडताना पहिल्या भेटीत कान उघडे ठेवा. प्रसंग ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘मग मिटलं का?’ असा आला, तर तिथं आकड्यांची शर्यत आहे. ‘तू तेव्हा काय विचार करत होतीस?’ असा आला, तर तिथं थांबा. सगळेच वकील असलेला गट टाळता आला तर टाळा. आमच्यातल्या समुपदेशक आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आम्हाला जेवढं शिकवलं, तेवढं आम्ही एकमेकांना शिकवलं नसतं.

प्रकरणं दहाच्या आत असतील तर ज्येष्ठांबरोबर बसा, आणि फी परवडत असेल तर सोबत तडजोडनामा लेखनाची एखादी कार्यशाळा करा. दहाच्या पुढं गेलात आणि तेच ते अडथळे परत येत असतील, तर कोर्स बदलून उपयोग होणार नाही, चर्चा हवी. नवा विषय हाती घेताय, तर कोर्स. बारामती किंवा जुन्नरहून शनिवारी पुण्यात येणं जमत नसेल, तर तिघा-चौघांनी मिळून तालुक्यातच बसा. पडद्यावरची बैठक आम्ही करून पाहिली, पण मागं घरातलं कुणी ऐकत नाही ना, ही धाकधूक शेवटपर्यंत गेली नाही.

गेल्या आठवड्यात एका नव्या मध्यस्थ मुलीनं गटात जागा मागितली. तिची प्रकरणं चारच झाली आहेत. दिवाळीपर्यंत तिनं दोन वेगवेगळ्या ज्येष्ठांशेजारी बसायचं आणि प्रत्येक बैठकीनंतर स्वतःला न सुचलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायचा, असं आमचं ठरलंय. आठवी खुर्ची तिच्यासाठी ठेवली आहे.