बिबडे थापता थापता ऐकलेली संत तेरेझ : मराठी ऑडिओ मालिका, माझ्याकडून साडेतीन स्टार

आधीच सांगते, आम्ही ख्रिश्चन नाही. अमळनेरचं माळकरी घर आहे आमचं, सासूबाईंची एकादशी कधी चुकत नाही. नणंद जळगावला नर्स आहे, तिच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरने तिला ही मालिका सांगितली, तिने मला सांगितली, आणि मी १४९ रुपये भरून डाउनलोड केली कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे बिबडे असतात आणि पहाटेपासून हात अडकलेले असले की कान रिकामेच असतात. तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून गरम गरम ओल्या कपड्यावर थापायचं, उन्हाचा चटका लागायच्या आत गच्चीवर सगळं पसरून झालं पाहिजे. ब्लूटूथ स्पीकर मिरच्यांच्या डब्यावर ठेवला आणि सुरू केलं.

बारा भाग आहेत. ही तेरेझ म्हणजे मदर तेरेसा नाही बरं का, मी पण आधी तेच समजले होते. ही फ्रान्समधली, जन्म २ जानेवारी १८७३, आणि मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचं. घरात सगळ्यात धाकटी, वडील घड्याळवाले, आई लेस विणायचा धंदा करायची, ती कॅन्सरने गेली तेव्हा ही साडेचार वर्षांची. मोठ्या दोन बहिणी लिझ्यू गावातल्या कार्मेल नावाच्या नन्सच्या मठात गेल्या तर हिलाही जायचं, पण वय चौदा, सगळे नाही म्हणाले. मग वडिलांसोबत रोमला यात्रेला गेली आणि पोपसमोर कोणी बोलायचं नाही अशी ताकीद असताना तिने थेट त्यांचे गुडघे धरून विचारलं, शेवटी शिपायांनी उचलून बाहेर नेलं. १८८७ ची गोष्ट आहे ही. पुढच्या एप्रिलला पंधराव्या वर्षी आत गेली आणि त्या भिंतीतून परत बाहेर आलीच नाही, ३० सप्टेंबर १८९७ ला टीबीने गेली, वय फक्त चोवीस.

आता तुम्ही म्हणाल मठात बसून हिने केलं काय. तर तेच भारी आहे, काहीच मोठं केलं नाही. सहावा आणि सातवा भाग फक्त यावर आहे आणि पैसे वसूल तिथेच होतात. प्रार्थनेला हिच्या मागे एक सिस्टर बसायची, ती शिंपल्या एकमेकींवर घासल्यासारखा आवाज करत राहायची, हिला घाम फुटायचा इतकी चीड यायची, मागे वळून बघावंसं वाटायचं. वळली नाही. तोच आवाज नीट कान देऊन ऐकायला लागली, जसं काही सुंदर संगीत चाललंय, आणि तीच आपली प्रार्थना म्हणून देवाला वाहिली. कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी हिच्या तोंडावर उडवायची, तिथेही मागे सरकली नाही. हा भाग चालू असताना आमच्या जाऊबाई माझ्या शेजारी ओला कपडा झटकत होत्या आणि सगळे शिंतोडे माझ्या चष्म्यावर. मी दोन फूट सरकले. खरं सांगते, सरकलेच.

आणि ती म्हातारी सिस्टर, संधिवाताने आखडलेली, तिला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात न्यायचं काम हिने स्वतःहून मागून घेतलेलं. जोरात चाललं तर पडशील म्हणायची, हळू चाललं तर हात सोडलास म्हणायची, वर तुझं वयच लहान, तुला काय जमणार हे ऐकवायचं. तेरेझ तिला बसवून अस्तन्या सारख्या करून द्यायची, मग पाव पण कापून द्यायला लागली, आणि निघताना एक छान हसायची. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, एकदम म्हणाल्या, “हाई ते आपली जनीच शे!” मला पटलं. तिकडे दळण, इकडे धुणं. फक्त जनीच्या जात्याला हात लावायला विठोबा येतो, हिच्याकडे कोणी येत नाही, हिलाच एकटीने ओढायचंय.

तिने लिफ्टचा दाखला दिलाय तो पण मला आवडला. तेव्हा श्रीमंतांच्या घरात नव्या नव्या लिफ्ट आलेल्या, ही म्हणते मी लहान आहे, साधनेचा जिना मला चढवणार नाही, देवाचे हात हीच माझी लिफ्ट.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते. दहाव्या भागापासून मालिका नुसती गुलाबाची फुलं उधळते. शेवटचं दीड वर्ष तिला स्वर्ग आहे की नाही याचाच अंधार झालेला, रक्त पडतंय, श्वास पुरत नाही, आणि तरी ती रोजचं काम करतेय, हे सगळं चार मिनिटांत गुंडाळलंय आणि वर व्हायोलिन. अरे तेच तर ऐकायचं होतं! संतांना शंका येतात हे ऐकून कोणाची श्रद्धा पळून जाणार आहे का, आमच्या तुकोबांचीही देवाशी किती भांडणं आहेत. त्यापेक्षा १९२५ ला संतपद, १९२७ ला मिशनरी कामाची पालक संत (गोव्याच्या झेवियरसोबत, आणि ही तर मठाबाहेर पण पडलेली नाही!), १९९७ ला चर्चची आचार्य, ही यादी लांबच लांब वाचलीये.

भाषा पण जरा चर्चमधली वाटते, “कृपेचा वर्षाव” प्रत्येक भागात चारदा तरी. वाचणाऱ्या बाईंचा आवाज मात्र गोड आणि अजिबात घाई नाही. नववा भाग उघडला तर आठवाच परत वाजायचा, मेसेज टाकला, पाचव्या दिवशी नवी फाइल आली, सॉरी वगैरे काही नाही.

घ्या, पण सहा-सात आधी ऐका. आमच्याकडे बिबडे होऊन डबे भरून झाले, आता उडदाचे पापड लाटणं चालू आहे आणि सासूबाई पोळपाट घेऊन बसल्या की पहिलं वाक्य हेच, “ते म्हतारीवालं परत लाव.”