पोखरणची दिवसभराची सहल: गाडी उत्तम, गोष्ट अर्धी

जैसलमेरहून पोखरण, गाडी आणि गाइडसह. अंतर साधारण ११० किलोमीटर. गाडी स्वच्छ, ड्रायव्हर वेळेआधी हजर, ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. जाहिरातीतलं ‘अणुस्फोट स्थळ दर्शन’ मात्र त्यांनी काढून टाकावं. ती जागा लष्कराच्या फायरिंग रेंजमध्ये आहे, तिथे पर्यटकांना सोडत नाहीत. दाखवतात तो पोखरणचा किल्ला, आणि वर चमचम खायला घालतात. चमचम अप्रतिम आहे.

गाइड मनापासून बोलतो. अमेरिकी उपग्रहांना कळू नये म्हणून जवान रात्री अणुचाचणीच्या तयारीसाठी कसे खपायचे, हे त्याने असं रंगवलं की मुलं पाणी मागायची विसरली. आपले अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर १९७४ आणि १९९८, दोन्ही चाचण्यांत होते, हेही त्याला ठाऊक होतं. पण त्याची गोष्ट १३ मे १९९८च्या शेवटच्या चाचणीला संपते. २८ मेला पाकिस्तानने बलुचिस्तानात चगाईच्या डोंगरात स्फोट केले, त्याचा उल्लेखही नाही. वर म्हणे, बॉम्ब आला आणि युद्धाची भीती गेली. मी शाळेत इतिहास शिकवते, मला राहवेना. पुढच्याच वर्षी कारगिल झालं त्याचं काय, असं विचारलं, तर स्वारी पुन्हा किल्ल्याच्या दगडांकडे वळली.

खरं ऐकायला मिळालं ते खेतोलाईत. चाचणीच्या जागेला अगदी लागून असलेलं हे बिष्णोईंचं गाव हमरस्त्यावरच आहे, तरी पॅकेजमध्ये नाही. मी बुकिंगलाच सांगून ठेवलं होतं. चहाच्या टपरीवर एक आजोबा भेटले. ड्रायव्हरने त्यांची मारवाडी हिंदीत करून सांगितली, तीही न कंटाळता. १९९८च्या ११ मेला, पहिल्या चाचणीच्या दिवशी, जवानांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं, भर उन्हात झाडाखाली बसवलं. पावणेचारच्या सुमाराला जमीन हादरली. भिंतींना तडे गेले, पाण्याची टाकी फुटली. टाकी पुन्हा बांधली, पण घराच्या भिंतीवरचा तडा त्यांनी नेऊन दाखवला. मग मे २०२५चं सांगू लागले: पोखरणवर पाकिस्तानचे ड्रोन आले, रात्री दिवे बंद, नातवंडांना खाटेखाली झोपवलं. सत्तावीस वर्षांनी, त्याच महिन्यात. गाइड शेजारीच उभा होता. त्याने हे सगळं आपल्या गोष्टीत घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. थंडीत जा, सकाळी लवकर निघा, आणि खेतोलाईसाठी तासभर वेगळा मागून घ्या.