‘झाडाखाली स्ट्रॉबेरी’ पॅकेज: रोपं घ्या, आराखडा त्यांच्याकडेच राहू द्या

वाशीतल्या जुन्या सिडको रो हाऊसवाल्यांमध्ये सध्या एका नर्सरीची चर्चा आहे. मागच्या अंगणात फळझाडांच्या खाली आणि मधल्या जागेत ते स्ट्रॉबेरी लावून देतात. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. ज्यांच्या दारात त्यांचा टेम्पो येऊन गेलाय त्यांना कळेलच. पॅकेजमध्ये रोपं, वाफ्याची माती, ठिबकच्या नळ्या, पेंढा, लावणी आणि हंगामात माळ्याच्या फेऱ्या. आमच्याकडे आंबा, चिकू, सीताफळ आणि दोन पपया. ‘काकू, वेगळी जागा लागतच नाही,’ हे त्यांचं पालुपद.

रोपं मात्र खरंच उत्तम. विंटर डॉन जातीची, ट्रेमध्ये वाढवलेली, मुळं पांढरी आणि गच्च. माळीदादाचा हातही बसलेला. मधला कोंब मातीच्या बरोबर वर राहील असं एकेक रोप त्याने लावलं. कोंब गाडला गेला की कुजतो आणि फार वर राहिला की मुळं सुकतात. आमची जमीन भरावाची, कुदळ मारली की मुरूम. त्यामुळे त्याने खणलंच नाही. बुंध्यापासून लांब, वरच्यावर शेणखत-मातीचे अर्धा फूट उंच वाफे केले. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं तेवढ्यातच असतात, आणि झाडांच्या मुळांनाही धक्का लागला नाही. या कामाला पैकीच्या पैकी.

भांडण आहे ते आराखड्याशी. ही कल्पना थंड मुलखातल्या सफरचंदाच्या बागांमधून आलेली. तिथे हिवाळ्यात झाडं उघडी होतात, वसंतात त्यांना पालवी पुरती फुटायच्या आत खालच्या स्ट्रॉबेरीला भरपूर ऊन मिळतं, आणि तीच रोपं रनर (मुळं धरत जमिनीवर पसरणारे धुमारे) सोडत काही वर्षं जमीन झाकून ठेवतात. आपल्याकडे आंबा आणि चिकू बारमाही हिरवेगार. स्ट्रॉबेरीला सहा-आठ तास ऊन हवं, आणि आमच्या आंब्याखाली दुपारी बारा वाजताही दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. हे मी लावणीच्या दिवशीच सांगितलं. त्यावर माळीदादा म्हणाला, ‘आंब्याखाली गारवा असतो, काकू.’ आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. घरात बहुमत कसं होतं ते वेगळं सांगायला नको.

आंब्याखाली पानं मोठी झाली, फुलं नावाला. शिवाय पाण्याचं गणित उलटं. पाऊस सरल्यावर आंब्याला ताण बसला तर मोहोर चांगला येतो, आणि हे त्याच्याखाली रोज ठिबक सोडणार! मोहोर आला तो तुडतुडे घेऊन. त्यांचा चिकटा खाली गळून स्ट्रॉबेरीची पानं आधी चिकट झाली, मग त्यावर काळी बुरशी चढली. मोहोरावर फवारणी करायची तर खालचं फळ खायचं कसं, याचं उत्तर नर्सरीकडे नव्हतं. फोनवर ‘बघतो’ एवढंच.

चिकूखाली थोडीफार फळं धरली, पण रात्री वटवाघळं अर्धवट खाल्लेले चिकू टाकतात, त्यावर मुंग्या, आणि मुंग्यांमागोमाग सगळा वाफा चिकट. ती बाजू मी सोडूनच दिली.

आता सीताफळ. पॅकेजचे पैसे वसूल झाले असतील तर इथे. दिवाळीच्या आसपास त्याची फळं संपतात, मग पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि जानेवारीत झाड जवळपास खराटा. म्हणजे सफरचंदाची जी करामत सांगतात, ती आपल्याकडे सीताफळ करतं, आणि तेही स्ट्रॉबेरीला हवं तेव्हाच. खाली लख्ख ऊन आणि गळलेल्या पानांचं फुकटचं आच्छादन. पेंढ्यावर टेकलेली फळं कोरडी राहिली, करडी बुरशी जवळजवळ दिसलीच नाही. मधमाश्या आमच्या शेवग्यावर येतात, त्या इकडेही उतरल्या. म्हणून फळं वेडीवाकडी न होता छान शंकूसारखी भरली. आकार लहान, पण पिकून लाल झाल्यावर तोडली की वास घरभर. (बुलबुलांनाही तो कळतो. जाळी पॅकेजमध्ये नाही, ती वेगळी विकतात.)

पपयांच्या मधे बरं आलं. सावली विरळ आहे. फक्त ठिबकची नळी पपईच्या बुंध्याला खेटून टाकली होती ती मी हलवली. पपईचा बुंधा सतत ओला राहिला की कुजतो.

वेळापत्रकाबद्दलही एक. यांनी लावणी ऑक्टोबरच्या भर उन्हात केली. ही वेळ स्ट्रॉबेरीच्या महाबळेश्वरला चालते; ते साधारण साडेतेराशे मीटर उंचावर आहे, तिथे तेव्हा हवा वेगळी असते. वाशीत पहिल्या आठवड्यात बरीच रोपं होरपळली. मेलेली रोपं त्यांनी विनातक्रार बदलून दिली, हे मान्य. आमच्या सासूबाई त्या दुसऱ्या खेपेच्या रोपांकडे बघून म्हणाल्या, ‘थंडी पडेपर्यंत थांबले असते तर ह्यांचं काय गेलं असतं?’ नोव्हेंबरात लावलेली हीच दुसरी खेप पुढे जोमात राहिली.

‘दरवर्षी आपोआप वाढत जाईल’ असं त्यांच्या पत्रकात छापलंय, ते तेवढं खोडून वाचा. मार्चच्या उन्हात फळ बारीक होत जातं आणि आपल्या पावसाळ्यात कोंब कुजतात. महाबळेश्वरचे शेतकरीसुद्धा दर हंगामात नवी लावणी करतात. पत्रकावर २०१० साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचाही उल्लेख आहे. ते मानांकन महाबळेश्वरच्या फळाला आहे, माझ्या सीताफळाखालच्या फळाला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. पॅकेज न घेता सुटी रोपं मागा. आधी नाही म्हणतात, मग ट्रेच्या भावाने देतात. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सांगा आणि ट्रे उलटा करून मुळं बघूनच पैसे द्या. माती-पेंढाही त्यांच्याकडूनच घ्या, दोन्ही चांगलं असतं. अंगणात सीताफळ नसेल तर मोकळ्या उन्हातली कुंडी बरी, आंब्याखाली मात्र कुणी कितीही गारवा सांगितला तरी हो म्हणू नका.