गुलमंडीजवळचं जुन्या नाण्यांचं दुकान : जा, पण भिंग घेऊन जा
संभाजीनगरला गुलमंडीच्या मागं बोळीत हे दुकान आहे, मी जालन्याहून खास १८६३ चे अमेरिकन यादवीच्या काळातले तांब्याचे टोकन (नाण्यासारखे चालणारे खासगी बिल्ले) बघायला गेलो अन् एक म्यूल सापडलं ना भौ! म्यूल म्हणजे दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांचे नाहीतच, काही चुकून लागायचे पण तेव्हाचे ठसेवाले संग्राहकांसाठी मुद्दाम पण ठसे अदलून-बदलून असले पाडायचे, म्हणजे हौशी लोकांना गंडवायचा धंदा तवापासूनचाच म्हणा. मला तरी सरळ जोडीपेक्षा हेच आवडतं. काका वजनकाटा स्वतःहून पुढं करतात, १८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बरोबर भरला, तो पण घेतला.

आता राग कशाचा, तर शोकेसमधे एका बाजूला रामदरबार अन् दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असला बिल्ला 'दुर्मिळ म्यूल' म्हणून अडीच हजाराला लावलाय. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, आत्ताचा कारखान्यातला माल आहे तो, म्यूल व्हायला दोन्ही ठसे तरी खरे लागतात की. काकांना म्हणलं तर नुसते हसले अन् चहा सांगितला.

तीन स्टार. गाडी लांबच लावा, शनिवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते.