लोकनीती-सीएसडीएसचं मतदानोत्तर सर्वेक्षण : मुंबईकरांनी कसं वाचावं

दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती हा उपक्रम मतदान झाल्यावर मतदारांना भेटून हे सर्वेक्षण करतो. त्यात आकड्यांपेक्षा आधी पद्धतीचं टिपण वाचा, खरा ऐवज तिथेच आहे. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं निवडतात आणि मुलाखत मतदाराच्या घरी, समोरासमोर घेतात. मत कोणाला दिलं, हे तोंडी विचारत नाहीत. नकली मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकायला देतात. दार उघडं, शेजारी कान लावून बसलेले, अशा चाळीत ही पेटी फारच मोलाची. पंतप्रधान कोण हवा, या प्रश्नाला नावं वाचून दाखवत नाहीत, त्यामुळे सुचवलेलं उत्तर मिळत नाही. हे मला सर्वांत आवडतं.

अडचण मुंबईतच जास्त. टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही, पुनर्विकासात गेलेल्यांचं नाव यादीत जुन्याच पत्त्यावर. असे लोक गळले की नमुना, म्हणजे मुलाखती झालेल्यांचा गट, एका बाजूला कलतो; नंतर भारांकन करूनही, म्हणजे कमी सापडलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊनही, सगळी भरपाई होत नाही.

एक हजारांच्या साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडावं तशा) नमुन्यातही सुमारे 3 टक्के इकडेतिकडे होतं. 2024 च्या लोकसभेत मुंबई वायव्यचा निकाल 48 मतांनी लागला! त्यामुळे यात जागांचा अंदाज शोधू नका. कोणत्या वयाचा, जातीचा, उत्पन्नाचा मतदार कुठे गेला, यासाठी मात्र हे जरूर घ्या.